पाव गिरकीचा अन्याय

सिंधूबाई पिंपळखुटे यांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी: रसवंतीच्या गाडीवर आणि मोबाइलमध्ये. तरीही अमरावतीच्या रुक्मिणीनगरात बर्फावरच्या स्केटिंगबद्दल शेवटचं मत त्यांचंच असे, कारण दुसऱ्या कोणाला मतच नव्हतं.

हा नाद गुडघ्याच्या ऑपरेशनपासूनचा. डॉक्टरांनी पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं, आणि ज्या दिवसांत त्यांना पलंगावरून उतरता येत नव्हतं त्याच दिवसांत हवेत तीन गिरक्या घेऊन एका पायावर उतरणाऱ्या मुली त्यांना मोबाइलवर सापडल्या. पुढे गुडघा बरा झाला, नाद राहिला. सिंधूबाई मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. व्याकरण घट्ट, शिस्त त्याहून घट्ट. निबंधाला त्यांनी साठाच्या वर मार्क दिल्याचं कोणाच्या ऐकण्यात नव्हतं. अशा बाई एखाद्या खेळाडूला मनापासून चांगलं म्हणतात म्हणजे ती खेळाडू खरोखरच चांगली असणार. ती होती फिनलंडची काइसा.

महिलांची अंतिम फेरी जपानात होती, त्यामुळे आपल्याकडे ती जेवणं आटोपल्यावर दुपारी सुरू झाली. शेजारच्या गोदाबाई गावंडे विरजण मागायला आल्या होत्या. त्या वाटी हातात धरून पलंगाच्या कडेला टेकल्या आणि तिथंच राहिल्या.

"हे कोण पोट्टी व्हय बाई?"

"काइसा."

"कायसा?"

"काइसा. फिनलंडची."

"काशी म्हणा ना. सोपं पडते."

तेव्हापासून ती काशी झाली. काशी त्या दिवशी अशी काही नाचली की गोदाबाईंना विरजणाची आठवण राहिली नाही. उड्या झाल्या, गिरक्या झाल्या, शेवटी तिनं मान मागे टाकून हात पसरले आणि सिंधूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग निकाल लागला. काशी चौथी. पदक नाही. बाकावर बसलेल्या पोरीनं तोंड ओंजळीत झाकलं, आणि तिच्या शिक्षिका तिची पाठ थोपटत कॅमेऱ्याकडे अशा बघू लागल्या की जणू कॅमेऱ्यानंच मार्क दिले होते.

"असं कसं?" गोदाबाई ओरडल्या. "पडली ना धडपडली!"

सिंधूबाईंनी चष्मा पुसून पडद्यावरचं वाचलं. "तिसऱ्या उडीत पाव गिरकी कमी पडली म्हणतात. जमिनीवर... म्हणजे बर्फावर टेकताना ती अजून वळतच होती, असं पंचांचं म्हणणं."

"पाव? पाव गिरकीसाठी पोरीले घरी धाडून राहिले? पाव किलो वांगे जास्त आले तर भाजीवाला बी सोडून देते!"

सिंधूबाईंनी ती उडी मागे नेऊन पुन्हा पाहिली. पुन्हा पाहिली. हळू करून पाहिली. गिरकी पूर्ण होती. निदान बाईंना पूर्ण दिसली, आणि बाईंना जे दिसे ते असे.

इथं खरं म्हणजे मोबाइल बंद करून माणसं चहा पितात. पण बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि त्या व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहिली. शुद्ध मराठीत, स्वल्पविरामांसह, तीन परिच्छेदांत. 'पंचमहोदयांनी डोळ्यांवर कातडे ओढून घेतले आहे' हे त्यातलं सर्वात सौम्य वाक्य. जगभरच्या लोकांनी ते यंत्राकडून भाषांतर करून वाचलं. कॅनडातल्या एका गृहस्थांनी नम्रपणे विचारलं की पंचांनी डोळ्यांवर चामडं बांधायचा हा नियम नव्यानंच आला आहे का. बऱ्याच जणांनी लाल हृदयं पाठवली. जिंकलेल्या मुलीच्या बाजूच्या एकानं मात्र लिहिलं की ही बाई माणूस नसून 'बॉट' आहे.

"अहो, मला बोट म्हणतात!" बाई स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाल्या.

त्यांचे यजमान कमलाकांतराव, बँकेतून निवृत्त, कांदा चिरत होते. "बोट नाही गं, बॉट. म्हणजे यंत्र. भावना नसलेलं, सारखं तेच तेच बोलणारं." एवढं बोलून ते थांबले आणि पुढचं जे मनात आलं होतं ते कांद्याबरोबर बारीक चिरून टाकलं.

हे प्रकरण तिथंच विझलं असतं, पण संध्याकाळी गोदाबाईंनी ते महादेवरावांच्या कानावर घातलं. महादेवराव गावंडे हे त्यांचे यजमान. शेती बाळापूरकडं, घर अमरावतीत, आणि स्वभाव असा की कुठंही अन्याय झाल्याचं कळलं की यांच्या पायांत आपोआप चपला चढत.

"वयनी, निवेदन द्या," ते दारातूनच म्हणाले.

"कोणाला?"

"साहेबाले."

"कोणत्या साहेबाला? काशी फिनलंडची आहे, स्पर्धा जपानात झाली, आणि संघटनेची कचेरी युरोपात कुठंतरी."

"म्हणूनच तं. आपल्याले थेट कोण उभं करते? मार्फत पाठवाचं. निवेदन देलं की नोंद होते, वयनी. नोंद झाली की कोणाच्या बापाले नाही म्हणता येत नाही."

कमलाकांतरावांनी हळूच सुचवलं की फिनलंडच्या लोकांना स्वतःचं निवेदन स्वतः देता येत असेल. त्यावर महादेवराव म्हणाले, "भाऊ, थे थंड मुलखातले लोक. त्यायले राग येते कुठं?" या युक्तिवादाला बँकेत उत्तर शिकवत नाहीत.

तेव्हा सिंधूबाई, गोदाबाई आणि कॉलनीतल्या भिशीच्या सगळ्या बायका एका सरकारी कचेरीत गेल्या. भिशीच्या बायकांना काशी कोण हे माहीत नव्हतं, पण भिशी त्या दिवशी होतीच आणि सगळ्या तयार होऊन बसल्या होत्या. आवक टेबलावरच्या कारकुनानं कागद वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

"खेळाडू कोणत्या तालुक्यातली?"

"फिनलंड."

"तालुका विचारला मी."

"भाऊ, ती परदेशातली आहे."

"मग तुमचं काय नुकसान झालं?"

हा प्रश्न सिंधूबाईंच्या काळजाला लागला. मानसिक, असं त्या म्हणाल्या. 'मानसिक' नावाचं टेबल तिथं नव्हतं. शेवटी मागं भिशीची कुजबुज वाढायला लागल्यावर कारकुनानं शिक्का मारला आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. जिना उतरताना वार्ताहर भेटला. तो दुसऱ्याच कोणत्या तरी मोर्चासाठी आला होता, पण तो मोर्चा आला नव्हता आणि त्याला परत जाऊन काहीतरी द्यायचं होतं. त्यानं विचारलं, तुमची मागणी काय? शिक्का मिळाल्याच्या भरात बाई म्हणाल्या, "त्या पंचांच्या खुर्चीत मला बसवा. डोळे मिटूनसुद्धा त्यांच्यापेक्षा बरा निकाल देईन!"

दोन दिवसांनी फोन आला. कचेरीतूनच, पण वेगळ्या टेबलावरून.

"बर्फाचा अर्ज तुमचाच ना? सिंधू पिंपळखुटे?"

"हो, हो!" बाई उभ्याच राहिल्या.

"गारपीट कधी झाली?"

"गारपीट नाही, बर्फ आहे तो."

"तेच ते. नुकसान किती टक्के?"

"शंभर टक्के! पदकच गेलं!"

"पीक कोणतं?"

"पीक नाही हो, काशी! काशीवर अन्याय झालाय!"

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. "काशीफळ. म्हणजे भोपळा. भाजीपाल्यात टाकतो. पंचनाम्याला माणूस येईल, वावर दाखवायला कोणीतरी थांबा."

बाईंनी फोन ठेवला आणि त्या तुळशीपाशी जाऊन बसल्या. एका जागतिक अन्यायाचा भोपळा झाला होता. कमलाकांतराव शहाणे, त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पण नेमकी त्याच पेपरात बाईंची बातमी होती. बाईंचा फोटो, मागे भिशी, आणि वर मथळा: 'डोळे मिटून निकाल देईन! स्केटिंगतज्ज्ञ सिंधू पिंपळखुटे यांचे जागतिक पंचांना आव्हान.'

ही बातमी अकोल्यात स्वानंदनं वाचली. स्वानंद म्हणजे तिथल्या वऱ्हाड चाक-स्केटिंग मंडळाचा सचिव, उत्साही तरुण, केस उडालेले. तो स्वतः येऊन उभा राहिला. मुलींची स्पर्धा होती, चाकांच्या बुटांवरची, संगीतावर उड्या-गिरक्या घ्यायची. तीन पंच लागतात, दोन मिळाले होते.

"अहो, पण ते बर्फ आणि ही चाकं," कमलाकांतराव म्हणाले.

"सर, उड्या त्याच, गिरक्या त्याच. फक्त पडलं तर बर्फाऐवजी सिमेंट लागतं."

"मागच्या वर्षी कोण पंच होतं?"

स्वानंदनं चहाचा घोट घेतला. "होते एक. आता फोन उचलत नाहीत."

या वाक्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पण पेपरात नाव छापून आलेलं, भिशीत सगळ्यांनी कात्रण कापून ठेवलेलं. आता नाही म्हणणं म्हणजे जपानच्या पंचांसमोर माघार घेतल्यासारखं. बाई हो म्हणाल्या.

महादेवरावांची जीप निघाली. बडनेरा सुटल्यापासून सल्ले सुरू झाले. महादेवराव म्हणाले, "सगळ्यायले सारखे देऊन टाका, वयनी. कोणीच नाराज नाही." गोदाबाईंचं मत, जिचा झगा चांगला तिला द्यावे, कारण आईनं रात्ररात्र बसून टिकल्या लावलेल्या असतात. कमलाकांतराव म्हणाले, "डोकं दुखतं सांग आणि देऊच नको." बाई खिडकीतून बाहेर वेचणीला आलेला कापूस बघत होत्या. त्यांनी ठरवलं होतं, न्याय करायचा. जगात निदान एका ठिकाणी, निदान अकोल्यात, तो व्हावा.

सभागृहाच्या फाटकावर भलंमोठं बॅनर होतं: 'सुवर्णकन्या प्रणाली हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: गजेंद्रमामा व मित्रमंडळ.' मामा बॅनरभर, प्रणाली कोपऱ्यात. बाजूला डीजेची गाडी. बाईंना वाटलं, मागच्या वर्षीचं राहिलं असेल.

पंचांसाठी कडेला गादी टाकून पांढरी चादर घातली होती. बाईंच्या एका हाताला नृत्याचे वर्ग घेणाऱ्या बाई, दुसऱ्या हाताला निवृत्त कवायत मास्तर. दोघं हसतमुख. समोर सिमेंटचं गुळगुळीत मैदान, भोवती गच्च माणसं. पहिली मुलगी आली. बाईंनी कागदावर 'सुरुवात डौलदार' असं लिहायला मान खाली घातली आणि वर पाहिलं तेव्हा मुलगी नमस्कार करून निघून चालली होती. मागे नेऊन पुन्हा पाहायची सोय फक्त मोबाइलला असते हे बाईंना त्या क्षणी कळलं, आणि त्यांच्या तळहाताला घाम फुटला. मग त्यांनी लिहिणं सोडलं. डोळे फाडून पाहत राहिल्या, पापणीसुद्धा भीत भीत लववली. दहापैकी मार्क द्यायचे होते. बाईंनी सवयीप्रमाणं साडेतीन, चार, साडेचार असे दिले.

मग चंदा आली, अंजनगाव सुर्जीची. झगा विटलेला, चाकं खरखर वाजणारी. उड्या लहान, पण प्रत्येक उडीनंतर अशी अलगद टेकायची की चाकाचा आवाज यायचा नाही. बाईंनी स्वतःशीच मान डोलावली आणि तिला सहा दिले. एवढे मार्क द्यायची त्यांना सवय नव्हती.

शेवटी प्रणाली. सभागृह उभं राहिलं, शिट्ट्या झाल्या. आणि पोर होतीच तशी! वाऱ्यासारखी आली, हवेत दोन गिरक्यांची उडी घेतली, जी बाकी कोणी घेतलीच नव्हती. सगळीकडे आरडाओरडा. पण बाई तिच्या पायांकडे पाहत होत्या. पुढचं चाक टेकलं आणि पोर अजून वळत होती. थोडीशीच. पाव गिरकी.

बाईंचा पेन थांबला. नृत्याच्या बाईंनी केव्हाच मार्क टाकून चहा मागवला होता. कवायत मास्तर टाळ्या वाजवत होते. पाहिलं होतं ते फक्त बाईंनी, आणि आता त्यांचीही खात्री होईना. खरंच वळत होती, की आपण पापणी लववली? दिले पूर्ण मार्क तर कोणाच्या बापाला कळणार नाही. कापले तर... बाईंना ओंजळीत तोंड झाकलेली काशी दिसली, तिच्यामागे ते जपानातले पंच दिसले, पहिल्यांदाच माणसांसारखे, तळहाताला घाम फुटलेले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि पाच लिहिले.

निकाल स्वानंदनं वाचला. पहिली चंदा. दुसरी प्रणाली.

मग डीजेवाल्यानं ठरल्याप्रमाणं गाणं लावलं, कोणीतरी त्याला हाणलं, गाणं बंद झालं आणि माणसं सुरू झाली. गजेंद्रमामा बॅनरवर होते त्याहून मोठे दिसत पुढे आले. "कोणं देल्ले हे मार्क? काहून देल्ले? दोन गिरक्या कोणाच्या पोट्टीनं मारल्या, सांगा मले!" मागून एकानं पेपरचं कात्रण उंच धरलं. "पाहा, पाहा! बाईनं सांगतलंच होतं, डोळे मिटून निकाल देतो म्हणून!"

"मॅडम," स्वानंद बाईंच्या कानाशी म्हणाला, "जरा आतल्या खोलीत बसता का? पंखा आहे."

पंखा होता, पण फिरत नव्हता. बॅडमिंटनच्या जाळ्या, हवा गेलेले चेंडू, गुंडाळलेल्या चटया, आणि त्यांच्यामध्ये लोखंडी खुर्चीत सिंधूबाई. कमलाकांतराव दाराला पाठ लावून उभे. त्यांच्या हातात मार्कांचा तक्ता होता आणि चेहरा बँकेत घोटाळा सापडल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"अगं, त्या दोघांपैकी एकानं सगळ्या मुलींना आठ दिलेत, दुसरीनं सव्वाआठ. एकीला कमी नाही की जास्त नाही. खाली-वर फक्त तुझे आहेत. निकाल तू एकटीनंच लावलास."

"म्हणजे?"

"म्हणजे ते दोघं इथं नुसता चहा प्यायला आलेत."

बाहेर घोषणा सुरू झाल्या. 'पंचबाई, परत जा!' त्यातला एक आवाज बाईंना फार ओळखीचा वाटला. कमलाकांतरावांनी खिडकीतून डोकावलं. महादेवराव. ते जीप सावलीत लावायला गेले होते, परत आले तर अन्यायाविरुद्ध घोषणा चाललेल्या. कोणाविरुद्ध हे विचारण्याआधीच त्यांची मूठ वर गेली होती. कमलाकांतरावांनी खिडकीतून हात हलवला तेव्हा त्यांनी मूठ हळूहळू खाली घेऊन त्याच मुठीनं डोकं खाजवलं.

तेवढ्यात गोदाबाई चहा घेऊन आत शिरल्या. बाईंना वाटलं, निदान हक्काचं माणूस आलं. गोदाबाईंनी कप हातात दिला, समोरच्या चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू काय बाई? तुमचं चुकलंच. काय फिरली थे पोट्टी! मले तं काहीच कमी नाही दिसलं."

"गोदाबाई, पाव गिरकी कमी होती."

"असीन. पण पावच ना?"

बाईंनी कप खाली ठेवला. गर्दीचं ठीक होतं, गर्दी ती गर्दी. पण गोदाबाईंनी हे असं, दुःखानं, समजुतीनं म्हणावं? आणि मुख्य म्हणजे त्या बरोबर असल्या तर? एका पोरीचं वर्षभराचं काम आपल्या एका पापणीनं खाल्लं असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा सिंधूबाईंना आपण तपासलेला पेपर परत मागावासा वाटला.

दार वाजलं. सगळे दचकले. पण आत आली ती प्रणाली, झग्यावर स्वेटर, हातात बूट. तिची डब्याची पिशवी त्या चटयांमागे होती. बाईंना पाहून ती बिचकली.

"इकडे ये बाळा," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला. "एक विचारू? ती दोन गिरक्यांची उडी... पूर्ण झाली होती का?"

प्रणालीनं पिशवी उचलली. "नाही ना मॅडम."

"नाही?"

"नाही झाली. कधीच नाही होत माझी. प्रॅक्टिसमध्ये तर रोज पडते. आज उभी राहिली, तेच मले नवल वाटलं." मग ती थोडी जवळ आली. "तुमाले दिसलं? कोणालेच दिसत नाही. सर पण म्हणतात झाली, झाली. मले वाटे मीच येडी आहे."

बाईंनी खुर्चीचे हात सोडले. इतका वेळ आपण ते धरून होतो हेही त्यांना तेव्हाच कळलं. कमलाकांतरावांनी मार्कांचा तक्ता दुमडला. गोदाबाईंनी आधी पोरीकडे, मग बाईंकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"चाल वं पोरी बाहेर. सांग तुह्या मामाले."

प्रणाली बाहेर गेली, माइक हातात घेतला आणि सांगितलं. माझी उडी पूर्ण झाली नव्हती. पंचबाईंनी बरोबर मार्क दिले. चंदाच पहिली.

एखाद्याला वाटेल, इथं मिटलं. पण गजेंद्रमामांनी माइक काढून घेतला. "तुले काय समजते! तू फिरून राहिली होती, तुले कसं दिसन? आमी पाहून राहिलो होतो ना इथून! पूर्ण झाली उडी!" आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या. जिनं उडी मारली तिच्यावर विश्वास ठेवायला तिथं एकही माणूस तयार नव्हता. दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या सिंधूबाईंना आपल्याच तीन परिच्छेदांतली वाक्यं स्वल्पविरामांसह ऐकू येऊ लागली, आणि कान गरम झाले.

"थांबा मामा," प्रणाली चिडली. तिनं स्वेटर फेकला, बूट चढवले. "आता दाखवतोच मी. पाहा, कशी कमी पडते ते. नीट पाहा, पायाकडे!"

ती मैदानाला एक फेरी मारून आली. वेग घेतला. हरायला निघालेलं माणूस जसं मोकळं असतं तशी मोकळी, खांदे सैल, चेहऱ्यावर राग. उडाली. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि टेकली. चाकाचा आवाज नाही. वळणं नाही. सरळ मागे घसरत गेली, एक पाय हवेत, आणि तिचं स्वतःचंच तोंड उघडं राहिलं.

"झाली!" सिंधूबाई किंचाळल्या. गुडघ्याचं ऑपरेशन, वय, शिस्त सगळं विसरून त्या मैदानात धावल्या. "झाली गं! पूर्ण झाली!"

मग काय झालं ते नीट कोणालाच सांगता येत नाही. चंदानं बक्षिसाची ढाल आईच्या हातात देऊन प्रणालीला मिठी मारली आणि दोघी धपकन सिमेंटवर बसल्या. डीजेवाल्याला आता कोणी हाणलं नाही. मामा नाचू लागले, मित्रमंडळ नाचू लागलं, कवायत मास्तरांनी चहा खाली ठेवला. निकाल बदला असं म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. मामांना मिरवणूक हवी होती, ती मिळाली. बॅनर खांद्यावर घेऊन सगळे फाटकाबाहेर पडले, मध्ये प्रणाली आणि चंदा, आणि ढाल चंदाच्या आईनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. स्वानंद बाईंच्या पाया पडून म्हणाला, "मॅडम, आता निघा. असंच वातावरण आहे तोवर निघा."

ते निघाले. अकोला मागे पडलं. महादेवराव घोषणांमुळे ओशाळलेले, गोदाबाई पाव गिरकीमुळे. बाईंनाच सर्वांची कीव येऊन त्या काहीतरी बोलणार, इतक्यात महादेवराव आरशात बघून म्हणाले, "भाऊ, मागं मोटरसायकल हाये. गजेंद्र."

"कोण गजेंद्र?"

"मामा!"

जीपनं वेग घेतला. मोटरसायकलनंही घेतला. मामा एका हातानं थांबा, थांबा अशी खूण करत होते, त्याच हातात काहीतरी लटकत होतं. कमलाकांतरावांनी काच वर केली. बोरगावच्या अलीकडे कापसानं फुगलेला एक ट्रक रस्त्यात आडवा होता. जीप थांबली. मोटरसायकल खिडकीशी येऊन उभी राहिली, आणि मामांनी काचेवर टकटक केलं.

सिंधूबाईंनी खोल श्वास घेतला आणि स्वतः काच खाली केली. "काय म्हणायचं ते म्हणा."

मामांना धाप लागली होती. त्यांनी पिशवी पुढे केली. "मॅडम, तुमची चप्पल राह्यली."

बाईंनी खाली पाहिलं. दोन्ही पाय अनवाणी, सिमेंटच्या धुळीनं पांढरे. गादीवर बसताना काढली होती, ती तिथंच. त्या खोलीत, मैदानात, खडीवरून जीपपर्यंत त्या अशाच आल्या होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"आणि एक इचारू काय?" मामांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. "आता मारली ना तिनं, थे उडी. थे पूर्ण होती ना?"

"पूर्ण होती. अगदी पूर्ण."

मामांचा चेहरा उजळला. "तुमी म्हणता म्हणजे असीन. आमाले काही दिसत नाही हो. लय जोरात फिरते थे पोट्टी."

ट्रक सरकला. मामांनी रामराम केला आणि मोटरसायकल वळवली. गोदाबाईंना आधी हसू फुटलं, मग कमलाकांतरावांना, मग सगळ्यांनाच, इतकं की महादेवरावांना जीप सुरू करता येईना. सिंधूबाईंनी हसता हसताच चप्पल पायांत सरकवली. उजवी डाव्या पायात गेली होती, पण ते त्यांना अमरावती येईपर्यंत कळलं नाही.